सात किलोंचा नांगर

तेवीस वर्षं मी जहाजाच्या नाळेवर उभा राहिलो.
साखळीची एकेक कडी माझ्या मांडीएवढी,
कानात कप्तानाचा आवाज, हातात ब्रेकचं चाक.
सोडला की गंजाचा लाल धुरळा उडायचा
आणि खाली कुठेतरी एखादं बंदर हादरायचं.
तळ कसा आहे ते नकाशावर लिहिलेलं असे.
मला कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

आता तळपणच्या नदीत माझी होडी:
सोळा फूट, फणसाचं लाकूड, दोन मालक बघून आलेली.
आणि मडगावच्या दुकानात मी
नांगरांच्या रांगेसमोर,
चपला घ्यायला आणलेलं पोर जसं
आपल्याच पायाचं माप विसरतं.

आग्नेलने एकेक उचलून दाखवला.
हा घडीचा, चार बोटांचा. हा फाळासारखा.
हा चपटा, दोन पात्यांचा, हलका पण चिवट.
वजन धरत नाही रे, आडवं पडणं धरतं.
तुझ्याकडे तळाला काय? रेती, चिखल, खडप?
मी म्हटलं, पाणी आहे.
तो हसला नाही. बिलबुक मिटलं.
"विचारून ये."

होडीवाल्यांनी खांदे उडवले,
एकाने मोबाईलवर निळा डाग दाखवला.
देवकू पागी ओहोटीला तिसऱ्या काढत होती
कमरेइतक्या पाण्यात, नजर पुलावरच्या बसकडे,
पाय मात्र खाली चाचपत, कामावर.
"पांयांक विचार," म्हणाली,
आणि माझ्या पायांकडे बघून मग स्वतःच सांगितलं:
तोंडाशी रेती, तिथे टाच टिकते.
वळणावर चिखल. वर सायीसारखा,
पोटरीपर्यंत गेलं की खाली घट्ट.
पलीकडे कालवांचं खडप, तिकडे जाऊ नकोस,
दोर कापतं. अंगठाही. हा बघ.

मी चपटा घेतला, सात किलो,
पुढे तीन मीटर साखळी, बोटाएवढी जाड.
पहिल्या संध्याकाळी जुन्या सवयीने
उभा राहून लांब भिरकावला.
पाणी दोन वाव, दोर तीन वाव,
हिशोब बरोबर वाटला होता.
सकाळी होडी खारफुटीत शिंगं अडकलेल्या म्हशीसारखी.
देवकू तिथूनच गेली, काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी टाकला नाही, सोडला,
एका हाताखालून दुसऱ्या हातात,
टेकल्याचं कळेपर्यंत.
मग होडी ओहोटीच्या हवाली केली
आणि दोर देत गेलो, देत गेलो,
भरतीचं पाणी धरून त्याच्या सात पट.
शेवटी खुंटाला एक वेढा,
आणि दोरावर तळहात.

फरफटत असतो तेव्हा दोर कापतो,
ताप चढलेल्या माणसाच्या हनुवटीसारखा.
कापला. कापला.
मग थांबला, आणि होडीने हळूच
तोंड प्रवाहाकडे वळवलं.

आजोबांचाही नांगर होता, शब्द हाच.
तो माती उलटी करायचा, वर आणायचा.
हा तिच्यात तोंड खुपसतो आणि गप्प बसतो.
काठावर कपेलाचा क्रूस माडाआड जेमतेम झाकलेला,
विजेचा खांब एका निळ्या पत्र्याच्या कडेला.
रात्री तीनदा उठून टॉर्च मारला:
खांब तिथेच, पत्रा तिथेच, क्रूस माडाआड.
जहाजावर असा कधी उठलो नव्हतो.

सकाळी काढताना ओढाओढ चालत नाही.
त्याच्या डोक्यावर जायचं,
दोर उभा झाला की थांबायचं,
भरती होडीला जरा उचलते
आणि तळ आपणच सोडून देतो.
पात्यांवर घागरभर काळा चिखल आला,
वास असा की बायको दारातूनच परतली असती.
देवकूने पाण्यातून टोपली पुढे केली,
चिखलात बोटं घातली.
"तीनूच?" म्हणाली,
आणि तिन्ही टाकल्या टोपलीत.